शेपूट आलं का?

सन २०१९, माझं वय एकोणसाठ. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं आणि चाकणच्या आमच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढायच्या खात्यात, माझ्यावर कुणी नव्हतं. साहेब होते, पण साहेब बदलत असतात. अशात एक बाई आली आणि पहिल्याच दिवशी माझ्या प्रेससमोर क्रेट उपडा टाकून बसली.

वर ऑफिसात तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती. एसी होता, चहा येणार होता. ती म्हणाली, जिथं दुखतंय तिथं बसायचं असतं. प्रेस शॉपमध्ये सेफ्टी बुटांशिवाय पाऊल टाकू देत नाहीत आणि तिच्या मापाचे बूट स्टोअरला नव्हते. मग पुरुषांचे बूट, आत वर्तमानपत्राचे बोळे, असं करून ती दिवसभर धाड धाड चालायची. दोनशे टनी प्रेसच्या दणक्यातही ती येतेय हे कळायचं. चष्मा बुटाच्या नाडीनं गळ्यात बांधलेला. चष्म्याच्या डबीत फुटाणे. कंपनी गाडी देत होती, तर नको म्हणाली. कासारवाडीहून बस बदलत बदलत यायची. झाडणाऱ्या मावशी सोडून सगळ्यांना दादा म्हणायची. मॅनेजर साहेब तिच्याहून पुष्कळ लहान, त्यांनाही दादाच. ते त्यांना फार लागायचं.

तिचं काम होतं संगणकातलं बिघडलेलं मराठी नीट करायचं. ते बिघडलं कसं ते आधी सांगतो.

पाळी बदलते तेव्हा जाणारा माणूस येणाऱ्यासाठी दोन ओळी लिहून ठेवतो. मशीन कशी आहे, जॉब कोणता, काय राहिलंय. आधी प्रत्येक प्रेसजवळ काळा फळा होता, त्यावर खडूनं लिहायचो. मग फळे काढले आणि स्क्रीन आले. स्क्रीनवर बोटानं मराठी लिहायचं, ते नेटवरून कंपनीच्या प्रोग्रामात जायचं आणि पुढच्या पाळीला तिथंच वाचायला मिळायचं. चांगलं चाललं होतं. पुढं त्यांनी तो प्रोग्राम नव्या सर्व्हरवर हलवला, आणि दुसऱ्या दिवशी मराठीचा कचरा झाला.

कचरा म्हणजे कसा, तर टोपी घातलेलं एक इंग्रजी अक्षर, त्यामागं चार पाय फुटलेला गोळा, मग आणखी काहीतरी. पुन्हा टोपीवाला, पुन्हा गोळा. त्या गोळ्याला आम्ही गोचीड म्हणायचो. कधी गोचिडीच्या जागी आडव्या दांड्यांचा विजेचा खांब यायचा. असल्या गोचिडी आणि खांब ओळभर पसरलेले असायचे.

आता कुणी म्हणेल, तक्रार का नाही केली. तक्रार केली असती तर वरून उत्तर ठरलेलं होतं, इंग्रजीत लिहा. आणि दुसरं म्हणजे, आम्हाला ते वाचता यायला लागलं होतं.

मी चौथीपर्यंत शिकलो. गाव मावळात, शाळा नदीपलीकडं. अक्षर अक्षर जुळवून वाचणं मला कधी जमलं नाही. मी शब्द चणीवरून ओळखतो, लांबून येणारा माणूस चालीवरून ओळखावा तसा. बसची पाटी, औषधाची बाटली, लग्नाची पत्रिका, सगळं असंच वाचत आलो आणि कुठं अडलो नाही. तेव्हा गोचिडींचं मला काय विशेष? रोजची वाक्यं ठरलेली. मशीन ठीक आहे, हे असं दिसतं. माल कमी आहे, हे तसं. ज्याचं शिक्षण जास्त त्याला ते यायला जास्त दिवस लागले. मला सगळ्यांत आधी आलं. पोरं मला विचारायला यायची, काका, हे काय लिहिलंय? मी सांगायचो.

मग गिऱ्हाईक कंपनीची माणसं तपासणीला येणार असं ठरलं आणि साहेबांनी रिपोर्ट छापून पाहिले. त्यावर गोचिडीसुद्धा नव्हत्या, नुसती प्रश्नचिन्हं. एकापुढं एक, पानभर. म्हणून त्या बाईला बोलावलं.

ती तो छापील कागद हातात धरून बराच वेळ उभी राहिली. मयताच्या घरी उभं राहतात तशी. मग माझ्या स्क्रीनवरच्या गोचिडी तिला दिसल्या आणि तिचा चेहरा एकदम खुलला. म्हणाली, "हे जिवंत आहे."

तिचा हिशोब असा. प्रश्नचिन्ह म्हणजे मढं. संगणकाला अक्षर कळलं नाही, त्यानं फेकून दिलं आणि जागेवर काठी रोवली. ते परत येत नाही. गोचीड म्हणजे अक्षर आहे, पण चुकीच्या माणसानं वाचलंय. त्याला त्याच वाटेनं मागं नेलं की पुन्हा अक्षर होतं. त्यामुळं कुणी गोचिडीला कचरा म्हटलं की तिला राग यायचा. साहेबांनी एकदा फर्मान काढलं होतं की तपासणीच्या आधी तो सगळा कचरा पुसून टाका. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दादा, बेशुद्ध माणसाला जाळत नसतात."

तिचं एक वाक्य होतं. कुठल्याही स्क्रीनपुढं बसली की पहिलं तेच लिहायची: गोऱ्या गवळ्याच्या काळ्या म्हशीला कुणी ज्ञान शिकवलं? ते एकीकडून घालायचं आणि दुसरीकडून कसं बाहेर पडतं ते बघायचं. म्हणायची, साधी अक्षरं कुठूनही जातात, अडकतात ती जोडाक्षरं, ह्या वाक्यातली म्हैस सुखरूप निघाली तर वाट चांगली. पोरांनी ते वाक्य उचललं. ती लांबून दिसली की कुणीतरी ओरडायचं, बाई, म्हैस निघाली का? तीही तेवढ्याच गंभीरपणानं सांगायची, अजून मधेच अडकलीय.

अंदाज मात्र तिला चालायचा नाही. कॅन्टीनच्या पाटीवर एकदा भाजीचं नाव अर्धं पुसलेलं होतं. नुसतं 'मट' राहिलं होतं. गुरुवार होता, गुरुवारी मटकी असते, हे कंपनीतल्या मांजरालासुद्धा ठाऊक. आमचा फिटर सोपान, परभणीकडचा, म्हणाला, बाई, मटकीच हाय, बसा. ती धाड धाड आत गेली, आचाऱ्याला विचारून आली. मटकीच होती. सोपान हसायला लागला. ती म्हणाली, "मघाशी वाटत होती. आता आहे."

आणि सगळ्यांत डोकं फिरवणारी सवय वेगळीच. समोरचा बोलायचा थांबला तरी ही थांबून राहायची. तोंडाकडं बघत. मग विचारायची, "शेपूट आलं का?" म्हणजे तुझं बोलणं पुरतं बाहेर पडलं का. साहेबांना तिनं भर मीटिंगमध्ये विचारलं. साहेब म्हणाले, म्हणजे काय? ती म्हणाली, काही नाही, मी वाट बघते.

माझं तिचं वाजलं ते तिसऱ्या-चौथ्या दिवशीच. ती म्हणाली, मला बिघाड सापडेपर्यंत हे स्क्रीन बंद ठेवा आणि फळे परत लावा. साहेब म्हणाले, तपासणी तोंडावर आलीय, त्यांना भिंतीवर फळे दाखवू का? आणि आमच्या ऑपरेटरांचं काही अडत नाही, ते वाचतात. विचारा काकांना.

तिनं आपला लॅपटॉप माझ्यापुढं केला. वेगवेगळ्या दिवसांच्या ओळी, नुसत्या गोचिडी. मी खाडखाड वाचल्या. तिनं त्याच ओळी आपल्या पद्धतीनं उलट फिरवून मराठीत करून ठेवल्या होत्या, त्याच्याशी ताडून बघत होती. एकही चुकली नाही. सोपाननं शिट्टी वाजवली. साहेब खूश.

ती खूश झाली नाही. उलट तोंड उतरलं तिचं. म्हणाली, "इतकं बरोबर? मग तर फार वाईट आहे, दादा. तुम्ही वाचत राहिलात म्हणून हे दुखणं कुणाला कळलंच नाही."

चार माणसांत असं बोलली. मी तिच्याशी बोलणं सोडलं.

तरी ती माझ्याच प्रेससमोर बसायची. मी जेवायला डबा उघडला की तिला बोलायची हुक्की यायची. मी ऐकत नव्हतो, पण ऐकू येत होतं. एकदा माझ्या तीन पुडांच्या डब्याकडं बोट करून सांगायला लागली. मराठीचं एक अक्षर म्हणजे असा डबा. तीन पुडं, पण डबा एक. नव्या सर्व्हरवर वाटेत एक जण बसलाय, त्याला वाटतं ही तीन वेगळी भांडी आहेत. तो तिन्ही सुटी करतो, प्रत्येकाला वेगळं झाकण लावतो, वेगळी पिशवी घालतो. अक्षर कचऱ्यासारखं दिसतं ते त्यामुळं. आणि ठेवायची फळी, म्हणजे नोंदीची जागा, आधी होती तेवढीच आहे. मग पिशव्या मावत नाहीत.

हे बोलता बोलता तिचं तिलाच काहीतरी सुचलं. फुटाणा तोंडाजवळ नेलेला तसाच हातात. मग लॅपटॉप उघडून बसली ती पाळी संपेपर्यंत. जाताना सोपानला सांगून गेली की लांबलेल्या ओळींची शेपटं तुटलीत, गोचिडी दिसतात तेवढ्या मागं फिरवता येतील, पण तुटलेलं कुठंच नाही. सोपाननं मला सांगितलं. मी म्हटलं, आपल्याला कुणाच्या शेपटाचं काय करायचंय?

पुढं ती वाट तिनं दुरुस्त केली, जुन्या ओळी मागं फिरवून मराठीत आणल्या, आणि ज्यांची शेपटं तुटली होती त्या लिहिणाऱ्या प्रत्येकाकडं स्वतः गेली. कुणी थेरगावात, कुणी पिंपरीत कॅम्पाच्या मागं. घरी जाऊन विचारायची, दादा, पुढं काय लिहिलं होतंत? ज्याला आठवत नसेल त्याच्या ओळीपुढं तिनं जागा मोकळी सोडली. तिला काय असेल ते सहज कळत होतं, तरी भरली नाही. पण हे सगळं नंतरचं. आधी ती दुपार सांगायला हवी.

माझी दुसरी पाळी होती. तीनला पहिल्या पाळीचा विलास निघून गेला होता. त्याची बस हायवेला लागली असेल. गेटवर ट्रक उभा, माल भरायचा राहिलेला, आणि साहेब घड्याळ बघत माझ्या पाठीशी. मी स्क्रीन पाहिला. विलासनं लिहिलं होतं, मशीन सकाळी ठीक होती, जॉब तोच आहे, डायची सफाई झाली आहे. मी मोठ्यानं वाचलं. बरोबर वाचलं.

पाळी बदलताना वरच्या डायखाली, म्हणजे वरच्या जड साच्याखाली, लोखंडी ठोकळा लावून ठेवायची आमच्याकडं रीत आहे. वरचं धूड चुकून खाली आलं तरी ठोकळ्यावर अडतं. येणारा माणूस तो ठोकळा काढतो आणि मशीन चालू करतो. मी सोपानला म्हटलं, काढ ठोकळा. सोपाननं बाही वर केली.

ती क्रेटवरून उठली. "थांबा. ह्याला शेपूट नाही."

मी तिच्याकडं बघितलंच नाही. सोपानला म्हटलं, काढ.

ती मधे आली. सोपान आणि प्रेसच्या मधलं स्टूल ओढलं आणि त्यावर बसली. आता बाईमाणसाला हात धरून कोण उठवणार? सोपान तसाच उभा, बाही वर केलेली. तिनं स्क्रीनच्या शेवटाला बोट लावलं. तिथं एक टोपीवाला एकटाच उभा होता, पुढं गोचीड नाही, खांब नाही. म्हणाली, तिघांतला एकच आत आलाय, दोघं बाहेर राहिले. म्हणजे पुढं आणखी होतं.

आता खरं सांगायचं तर तो एकटा टोपीवाला आम्ही पुष्कळदा बघितला होता. लांब ओळीच्या शेवटी यायचा. आम्ही त्याला पूर्णविराम समजायचो.

"पूर्णविराम हाय तो," मी म्हणालो.

"विलासदादांना फोन लावा," ती साहेबांना म्हणाली.

लावला. विलासनं उचलला नाही. पुन्हा लावला. बसमध्ये माणसं झोपतात. साहेब म्हणाले, मॅडम, तिकडं गिऱ्हाईक कंपनीची लाइन थांबेल, ती जबाबदारी तुमची का? तिनं चष्म्याची डबी उघडली आणि एकेक फुटाणा खायला लागली. प्रेसची मोटर बंद, आजूबाजूच्या प्रेस चालू. ट्रकवाला दारात येऊन उभा राहिला. एवढी वर्षं काढली, माझ्या प्रेससमोर मला कुणी थांब म्हटलं नव्हतं. मी सोपानला म्हणालो, तिकडच्या बाजूनं हात घाल, तिकडून निघतो ठोकळा. सोपान माझ्याकडं बघेना. तिच्याकडंही बघेना. वळसा घालून पलीकडं गेला. वाकला.

फोन वाजला.

साहेबांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. विलासचा आवाज झोपेतला. साहेबांनी विचारलं, पाळीच्या नोंदीत शेवटी काय लिहिलं होतंस? तो म्हणाला, "ब्रेकचं लिहिलं की. जेवणानंतर ब्रेक सरकतोय, वरचं खाली येतंय. ठोकळ्याला हात लावू नका, मेन्टेनन्सला सांगितलंय. का, काय झालं?"

सोपाननं हात बाहेर घेतला. उजवा हात. तो तसाच खाली बसला, पलीकडच्या बाजूला, आणि हाताकडं बघत राहिला.

मेन्टेनन्सची माणसं आली. सगळ्यांना लांब उभं केलं, लांब सळईला आकडा लावून ठोकळा ओढला. वरचं धूड आधी हललं नाही. मग सावकाश, बोटभर खाली आलं. आणि मग एकदम बसलं. आवाज काही फार मोठा झाला नाही.

मी चुकलो असं मी तेव्हा म्हणालो नाही आणि आत्ताही म्हणत नाही. स्क्रीनवर जेवढं होतं तेवढं मी बरोबर वाचलं होतं. तिनंही तेच सांगितलं. साहेब माझ्यावर घसरायला लागले तर मधे पडली: "दादांनी बरोबर वाचलं. चुकले असते तर कुणीतरी थांबलं असतं."

तिनं पुन्हा मागणं केलं. स्क्रीन बंद, फळे परत, वाट दुरुस्त होईपर्यंत. साहेब म्हणाले, आता फोन करून खात्री करत जाऊ, एवढं काय. तपासणीपर्यंत स्क्रीन चालू राहणार. वाचता येत नाही अशी एकाही ऑपरेटरची तक्रार नाही माझ्याकडं. मग माझ्याकडं वळले. "काका, तुम्हाला वाचता येतं की नाही?"

सगळे बघत होते. सोपानही.

"येतं," मी म्हणालो.

साहेब म्हणाले, झालं तर मग, उद्या सकाळच्या मीटिंगला शेवटचं ठरवून टाकू. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. नेहमीसारखीच थांबून. तेवढ्या एका वेळी तिनं विचारलं नाही, शेपूट आलं का. डबी मिटली आणि धाड धाड निघून गेली.

पाळी संपेपर्यंत सोपान डाव्या हातानं काम करत होता. उजव्याला काही झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी पुन्हा दुपारचीच. पण सकाळी डांगे चौकात पहिल्या पाळीच्या बसला मी उभा होतो. ड्रायव्हर म्हणाला, काका, आज उलटे कसे? मी म्हणालो, गाडी चालव.

गेटातून आत शिरलो तो आधी स्क्रॅप यार्डात गेलो. आमच्या प्रेसचा फळा पिंपांच्या मागं पडला होता. कोपरा उडालेला, वर ऑइलचे डाग. तो डोक्यावर घेतला आणि प्रेस शॉपमध्ये आलो. मीटिंग चालू होती. पहिली पाळी उभी, विलास पुढं, साहेब बोलत होते, बाई आपल्या क्रेटवर. मी फळा प्रेसला टेकवला. साहेब बोलायचे थांबले. म्हणाले, काका, तुमची शिफ्ट दुपारची ना?

मी म्हणालो, "साहेब, स्क्रीनवरचं मला वाचता येत न्हाई."

साहेबांना वाटलं मी थट्टा करतोय. "काल तर येतं म्हणालात."

"आज येत न्हाई. लिहून घ्या. तक्रार हाय माझी."

मग विलास म्हणाला, मलाबी नाय येत. त्याच्यामागं आणखी एक जण म्हणाला. मग मी मोजायचं सोडून दिलं. साहेबांनी सगळ्यांकडं बघितलं, शेवटी बाईकडं. ती माझ्याकडंच बघत होती, थांबून.

"शेपूट आलं का, दादा?"

"आलं," मी म्हणालो.

वाचता येत होतं मला. आजही कुणी आणून दाखवलं तर वाचून दाखवीन. त्या कंपनीत मी उभ्या आयुष्यात बोललो असेन तर ते एवढंच खोटं. ओल्या बोळ्यानं फळा पुसला, वाटेत टपरीवर घेतलेला खडू खिशातून काढला आणि विलासच्या हातात दिला.